विश्लेषण : मूठ सोडली की यंत्र थांबावे की नाही? पॉवर वीडरच्या क्लच-गिअरचा वाद काय आहे?

सोयाबीन वीस-पंचवीस दिवसांचे झाले की बुलढाणा जिल्ह्यात डवरणीची घाई सुरू होते. खामगाव-चिखली रस्त्यावरच्या उंद्री परिसरात एकेकाळी या दिवसांत पहाटेपासून डवरे जुंपलेले दिसायचे. आता बैलजोडी सांभाळणे परवडत नाही, निंदणीला मजूर वेळेवर मिळत नाही आणि पावसाने उघडीप दिली तरी वाफसा दोन-तीन दिवसांपुरताच टिकतो. त्यामुळे दोन ओळींमधून माणसाने चालत ढकलायचे छोटे इंजिनाचे यंत्र, म्हणजे पॉवर वीडर, अनेक कास्तकारांच्या धुऱ्यावर येऊन पोहोचले आहे.

हे यंत्र घेताना चर्चा होते ती इंजिन किती एचपीचे, डिझेल की पेट्रोल, अनुदान किती याची. मुठीवर असलेल्या दोन-तीन लिव्हरची चर्चा फारशी होत नाही. पाय किंवा बोटे वाचणार की नाही, हे मात्र बऱ्याच अंशी त्या लिव्हरच ठरवतात. मूठ सुटली की पाती थांबावीत की फिरत राहावीत, मागे घेताना रोटर चालू असावा की नाही, क्लच दाबल्यावर यंत्र चालावे की थांबावे, हे प्रश्न दिसायला किरकोळ आहेत. जगभरच्या यंत्र-अभियंत्यांनी त्यावर अनेक वर्षे वाद घातला आहे. तो वाद समजून घेऊ.

पॉवर वीडर चालतो कसा?

इंजिनाची ताकद गिअरपेटीपर्यंत नेणे आणि तिथून ती पात्यांच्या रोटरला देणे, एवढेच या यंत्राचे काम. लहान यंत्रांत बहुधा चाके नसतात, रोटरच जमीन उकरत यंत्राला पुढे ओढतो. मागे रोवलेली लोखंडी दांडी त्याला अडवून धरते आणि खोली ठरवते. मोठ्या यंत्रांत चाके वेगळी आणि रोटर वेगळा असतो.

इंजिन आणि गिअरपेटी यांच्यामध्ये क्लच असतो. स्वस्त यंत्रांत तो पट्ट्याचा असतो. इंजिनाच्या आणि गिअरपेटीच्या पुलीवर पट्टा सैल बसवलेला असतो. लिव्हर ओढली की तारेने एक तिसरी, ताण देणारी पुली पट्ट्यावर दाबली जाते. पट्टा ताठ झाला की ताकद पुढे जाते. लिव्हर सोडली की स्प्रिंग त्या पुलीला मागे ओढते, पट्टा सैल पडतो आणि रोटर थांबतो. महागड्या यंत्रांत याच कामासाठी तेलात बुडालेल्या क्लच-प्लेटा असतात.

त्यानंतर गिअर. बहुतेक यंत्रांना पुढे जाण्यासाठी एक किंवा दोन आणि मागे घेण्यासाठी एक गिअर असतो. उरते ती ॲक्सिलरेटरची लिव्हर आणि इंजिन बंद करायचे बटण. सगळी कहाणी एवढ्याच चार-पाच गोष्टींची. त्या कुठे बसवायच्या आणि कोणत्या दिशेने हलवायच्या, यावरूनच मतभेद आहेत.

‘धरून ठेवा’ आणि ‘लावून सोडा’ यांत फरक काय?

पहिल्या पद्धतीत लिव्हर मुठीबरोबर दाबून धरली तरच यंत्र चालते. हात सुटला, पाय घसरला, चक्कर आली, तर स्प्रिंगच्या जोरावर लिव्हर परत जाते आणि पाती थांबतात. चालवणारा जागेवर नसेल तर यंत्राने आपणहून थांबावे, हे यामागचे तत्त्व. रेल्वेच्या इंजिनांत आणि लोकलमध्ये ते फार पूर्वीपासून वापरले जाते.

दुसऱ्या पद्धतीत लिव्हर एकदा पुढे ढकलली की तिथेच अडकून राहते. हाताला काम उरत नाही, पण माणूस पडला तरी रोटर फिरतच राहतो. बाजारात दोन्ही प्रकार मिळतात. दुकानात उभ्या असलेल्या बंद यंत्राकडे पाहून हा फरक चटकन लक्षात येत नाही.

मग पहिली पद्धतच चांगली, वाद कशाला?

कारण शेतातले गणित वेगळे आहे. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. सोयाबीनच्या दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर धरले, तर एका एकरात ओळींची एकूण लांबी सुमारे ९ हजार मीटर भरते. म्हणजे एक एकर डवरायला माणसाला ९ किलोमीटर चालावे लागते. ताशी दोन किलोमीटर वेग धरला तर साडेचार तास. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे साधारण सव्वातीन एकर आहे. एका सरासरी शेतात एकदा यंत्र फिरवायचे तर ३० किलोमीटरच्या आसपास चाल होते.

एवढा वेळ, इंजिनाच्या थरथराटात, भर उन्हात एक ताठ लिव्हर मुठीत आवळून धरणे सोपे नाही. बोटांना मुंग्या येतात, मनगट आखडते. मग एक देशी उपाय निघतो : लिव्हर सुतळीने, तारेने किंवा जुन्या ट्यूबच्या रबराने मुठीला बांधून टाकायची. अशा वेळी यंत्र कागदावर सुरक्षित असते आणि शेतात ‘लावून सोडा’ प्रकारापेक्षाही धोकादायक होते. अडकून राहणारी लिव्हर निदान एका झटक्यात मागे घेता येते, बांधलेली सुतळी सोडायला दोन्ही हात लागतात.

वादाची पहिली बाजू इथे उभी राहते. जी सोय माणसाला बांधून टाकावीशी वाटते, ती सोय सुरक्षित म्हणावी का? त्यावर दुसरी बाजू म्हणते, दोष तत्त्वाचा नाही, ताठ स्प्रिंगचा आणि आखूड लिव्हरचा आहे. लिव्हर लांब केली, तिची टेकण्याची जागा बदलली, तारेला वंगण राहील अशी नळी वापरली, तर तीच लिव्हर तळहाताच्या नुसत्या वजनाने दाबून राहते. यासाठी लागणारा वाढीव खर्च यंत्राच्या किमतीच्या मानाने अगदी मामुली असतो.

घाबरलेला हात काय करतो?

वादाचा सर्वांत नाजूक मुद्दा हा आहे. माणूस पडला तर हात सुटतो. पण माणूस दचकला तर हात आवळतो. यंत्र अचानक उसळी घेऊन अंगावर आले, तर बरेच जण मूठ सोडत नाहीत, उलट घट्ट धरतात. ‘धरून ठेवा’ पद्धतीत घट्ट धरणे म्हणजे यंत्र चालूच राहणे.

त्यात सवयीची भर पडते. गावात जवळपास प्रत्येकाच्या हाताला मोटारसायकलची सवय आहे. मोटारसायकलवर डाव्या हाताची लिव्हर दाबली की ताकद तुटते. वीडरवर तशीच दिसणारी लिव्हर दाबली की ताकद जोडली जाते. दिसायला एकसारखी लिव्हर आणि काम नेमके उलटे. शांतपणे चालवताना याचा गोंधळ होत नाही, पण बांधाला धडकताना विचार करायला वेळ नसतो. तिथे हात जुन्या सवयीनेच वागतो.

कारखान्यातल्या रोबोटना हाताळणाऱ्यांसाठी यावर उत्तर शोधले गेले आहे. त्यांच्या हातातल्या नियंत्रकावर तीन टप्प्यांचे बटण असते. सोडले की बंद, हलके दाबले की चालू, घाबरून पूर्ण आवळले की पुन्हा बंद. शेतीच्या छोट्या यंत्रांत हे अजून रुळलेले नाही. तोपर्यंत एक साधा उपाय उरतो. दाबून चालवायची लिव्हर मोटारसायकलच्या क्लचसारखी दिसूच नये. ती मुठीच्या वर आडव्या दांडीसारखी असावी, म्हणजे हाताला वेगळेपणा कळेल.

रिव्हर्स गिअर : सोय की धोका?

ओळ १०० मीटर लांब असेल तर एका एकरात सुमारे ९० ओळी होतात, म्हणजे ९० वेळा धुऱ्याशी वळावे लागते. त्यातल्या बऱ्याच वेळा यंत्र थोडे मागे घ्यावे लागते. रिव्हर्स नसलेले यंत्र हाताने ओढावे लागते. चिकट काळ्या मातीत ते कंबर मोडणारे काम आहे. म्हणून ‘रिव्हर्स हवाच’ असे शेतकरी म्हणतो आणि त्याचे म्हणणे खरे आहे.

अडचण ही, की पुढे जाताना पाती माणसापासून लांब जातात आणि मागे येताना माणसाकडे येतात. मूठ आणि रोटर यांच्यात साधारण मीटरभर अंतर असते. ताशी दोन किलोमीटरच्या संथ वेगानेही यंत्र सेकंदाला अर्ध्या मीटरहून जास्त सरकते. पाठीमागे बांध, विहिरीचा कठडा किंवा बाभळीचे खोड असेल तर सावरायला दोन सेकंदही मिळत नाहीत. रोटरच यंत्राला ओढत असेल तर उलट्या फिरणाऱ्या पात्यांना माती धरत नाही आणि यंत्र अंगावर उसळते.

युरोपात पायी चालवायच्या अशा यंत्रांसाठी ‘ईएन ७०९’ हे सुरक्षा मानक आहे. पाती फक्त लिव्हर धरून ठेवली तरच फिरावीत, हे त्याचे मूळ सूत्र आणि मागे घेतानाच्या धोक्यावरही त्यात भर आहे. हे साधायचा सरळ मार्ग म्हणजे अडसर. चाकाच्या यंत्रात रिव्हर्स टाकला की रोटरचा गिअर यांत्रिक खिळीने आपोआप सुटतो आणि रोटर चालू असेल तर रिव्हर्स पडतच नाही. अशी खिळी नसेल तर सगळी भिस्त चालवणाऱ्याच्या लक्षात राहण्यावर असते आणि दिवसाच्या शेवटच्या एकरात लक्ष थकलेले असते.

बर्फ उडवणाऱ्या यंत्राने हा प्रश्न कसा सोडवला?

आपल्याकडे न दिसणारे, पण वीडरचे सख्खे भावंड शोभावे असे एक यंत्र म्हणजे स्नोब्लोअर. टोरांटो, शिकागोकडच्या मराठी घरांना ते चांगले ठाऊक आहे. दारापुढचा बर्फ समोरच्या मळसूत्री पात्यांनी ओढून घ्यायचा आणि नळीतून बाजूला उडवायचा. तिथेही चाके वेगळी, पाती वेगळी, माणूस मागे चालतो आणि ओला बर्फ नळीत तुंबला की हात घालून काढायचा मोह होतो. बोटे जाण्याचे कारणही तेच.

या यंत्रांवर सहसा दोन लिव्हर असतात. एक चाकांची, दुसरी पात्यांची. दोन्ही धरून ठेवाव्या लागतात. पण नळीची दिशा बदलायला एक हात मोकळा हवा, मग काय करायचे? त्यावर अनेक यंत्रांत एक जोडखिळी असते. दोन्ही लिव्हर दाबल्या की पात्यांची लिव्हर चाकांच्या लिव्हरच्या आधाराने खालीच राहते आणि एक हात मोकळा होतो. चाकांची लिव्हर सोडली की दोन्ही सुटतात. म्हणजे हात दमत नाही आणि सुरक्षाही जात नाही. लिव्हर बांधायची गरजच उरली नाही, तर सुतळी कोण शोधेल?

वेगाचे गिअरही तिथे वेगळ्या पद्धतीने सोडवले आहेत. बऱ्याच स्नोब्लोअरमध्ये इंजिनाने फिरणाऱ्या लोखंडी तबकडीवर रबराची कडा असलेले चाक आडवे टेकवलेले असते. ते तबकडीच्या कडेकडे सरकवले की वेग वाढतो, मध्याकडे आणले की कमी होतो, मध्य ओलांडून पलीकडे नेले की यंत्र उलटे चालते. एकाच सरकत्या चाकात सगळे गिअर. रचना स्वस्त, पण रबर झिजते आणि ओले झाले की घसरते. महागड्या यंत्रांत तेलाच्या दाबाने चालणारी हायड्रोस्टॅटिक पेटी असते. एकच लिव्हर हळूहळू पुढे-मागे सरकवायची, गिअर बदलायची कटकट नाही.

मग हे इथे का येत नाही? चिखल, धूळ आणि ताण यांत रबरी चाक टिकणे अवघड. हायड्रोस्टॅटिक पेटी टिकेल, पण ती महाग पडते, तिच्यात थोडी ताकद वाया जाते आणि ती बिघडली तर तालुक्याच्या मिस्त्रीकडे उघडता येत नाही. आपल्या भागात यंत्राची खरी परीक्षा अशी असते : जुलैत दुपारी बिघडले तर संध्याकाळपर्यंत दुरुस्त होते का? पट्टा कुठल्याही दुकानात मिळतो. म्हणून साधा पट्टा आणि साधे गिअर इथे टिकून आहेत आणि ते योग्यही आहे. घेण्यासारखी आहे ती जोडखिळी. तिला ना तेल लागते, ना परदेशी सुटा भाग.

उतारावर मूठ उलटी का वागते?

अजिंठ्याच्या डोंगररांगांनी बुलढाणा जिल्ह्याला बरेच चढ-उतार दिले आहेत. तिथे दोन चाकांचा पॉवर टिलर चालवणाऱ्याला एक विचित्र अनुभव येतो. टिलरच्या दोन्ही मुठींखाली एकेक लिव्हर असते. डावी दाबली की डाव्या चाकाची ताकद तुटते, उजवे चाक पुढे जाते आणि टिलर डावीकडे वळतो. सपाट शेतात हे बिनचूक चालते.

तीव्र उतारावरून खाली येताना मात्र इंजिन चाकांना ढकलत नसते, अडवत असते. आता डावी लिव्हर दाबली तर डावे चाक त्या अडवणुकीतून सुटते, वजनाने जोरात पळते आणि टिलर उजवीकडे वळतो. ज्या बाजूला खड्डा, त्याच बाजूला यंत्र जाते. मागे ट्रॉली भरलेली असेल तर हा परिणाम आणखी वाढतो. म्हणून उतारावर लहान गिअर आधीच टाकावा, लिव्हरने न वळवता मूठ शरीराच्या जोराने वळवावी, असे शिकवले जाते. पण विकताना ही गोष्ट प्रत्येकाला सांगितली जाईल याची खात्री काय? यंत्राच्या मुठीवर एक ठळक चित्र आणि मराठीत एक ओळ, एवढे तरी असायलाच हवे.

ट्रॅक्टरला हा प्रश्न नाही का?

आहे, फक्त तो पायाखाली गेला आहे. रोटाव्हेटर किंवा मळणीयंत्र चालवणारा पीटीओ दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचे टोक त्यात सापडले तर ‘थांबव’ म्हणायच्या आत ते गुंडाळले गेलेले असते.

जुन्या, एकेरी क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये पेडल दाबले की चाकेही थांबतात आणि पीटीओही. दुहेरी क्लचमध्ये पेडल अर्धे दाबले तर फक्त चाके थांबतात, पूर्ण दाबले तर पीटीओही थांबतो. स्वतंत्र पीटीओमध्ये त्याची लिव्हरच वेगळी असते. कामासाठी शेवटचे दोन प्रकार नक्कीच सरस आहेत. गवत दाटले तर ट्रॅक्टर थांबवून रोटाव्हेटर चालू ठेवता येतो. पण सोयीबरोबर एक सवय मोडावी लागते. आधी ‘ट्रॅक्टर थांबला म्हणजे सगळे थांबले’ हे खरे होते. आता ते खरे नाही. मागे उभ्या असलेल्या माणसाला ट्रॅक्टर थांबलेला दिसतो, पाती फिरत आहेत हे धुळीत दिसत नाही.

ही लिव्हर कोणाच्या हातासाठी?

विदर्भात निंदणी हे प्रामुख्याने बायांचे काम. निंदणीच्या जागी यंत्र येत असेल, तर ते बायांच्या हाताला पेलले पाहिजे. नाहीतर यंत्र पुरुषाच्या हातात जाते आणि बाईचा रोज बुडतो.

भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने देशभरच्या शेतमजुरांच्या शरीराची मापे आणि ताकद मोजून २००९ मध्ये प्रसिद्ध केली. त्यानुसार पुरुषांची सरासरी उंची १६३ सेंटिमीटरच्या, तर स्त्रियांची १५१ सेंटिमीटरच्या आसपास आहे. मुठीची पकडही तशीच वेगळी. लिव्हर आणि मूठ यांतले अंतर मोठे असेल तर लहान पंजाची बोटे फक्त टोकाने पोहोचतात आणि टोकाने धरलेली लिव्हर लवकर दमवते. मुठींची उंची कमी-जास्त करता येणे आणि लिव्हरची तार मोकळी चालणे ही चैन नाही. यंत्र घरातल्या किती जणांना वापरता येईल, हे त्यावरच ठरते.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे याचे एक मोठे उदाहरण आहे. यांत्रिक मळणीयंत्रे गावोगाव आली आणि त्यांच्या तोंडात हात जाऊ लागले, तेव्हा सुरुवातीला ‘मजुराचा निष्काळजीपणा’ हेच उत्तर दिले जात होते. पुढे लक्षात आले की दोष घास टाकायच्या आखूड, उघड्या तोंडात आहे. भारतीय मानकाने ती नळी किमान ९० सेंटिमीटर लांब आणि त्यातली किमान ४५ सेंटिमीटर झाकलेली असावी असे ठरवले. हात ड्रमपर्यंत पोहोचूच नये, ही त्यामागची कल्पना. संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा केला. त्याच्या केंद्रस्थानी मळणीयंत्र होते.

अमेरिकेत पायी चालवायच्या गवत कापणी यंत्रांबाबत असाच वाद झाला. १९८२ च्या मध्यापासून तिथे नियम लागू झाला : मूठ सुटल्यावर तीन सेकंदांत पाते थांबलेच पाहिजे. त्याआधी भांडण होते ते ‘कसे थांबवायचे’ यावर. फक्त पाते थांबवणारा क्लच महाग, इंजिनच बंद करणे स्वस्त, पण मग ते पुन्हा पुन्हा दोरीने सुरू करावे लागते आणि वैतागलेला माणूस ती सोयच बांधून टाकेल, अशी भीती. अखेर १९८१ मध्ये अमेरिकी संसदेने कायद्यात बदल करून काही अटींवर स्वस्त पर्यायही मान्य केला. म्हणजे आपल्या सुतळीचा प्रश्न तिथल्या कायदे करणाऱ्यांपुढेही होता.

आपल्याकडे आणखी एक चावी सरकारच्या हातात आहे. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून २०१४-१५ पासून लहान व सीमांत, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना यंत्राच्या किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत, इतरांना ४० टक्क्यांपर्यंत ठरावीक मर्यादेत अनुदान मिळते. महाराष्ट्रात त्यासाठी महाडीबीटीवर अर्ज करावा लागतो. अनुदानासाठी यंत्राला मान्यताप्राप्त केंद्राचा तपासणी अहवाल लागतो. मध्य प्रदेशातल्या बुदनीची संस्था हे काम करणाऱ्यांपैकी एक. यंत्राची जवळपास निम्मी किंमत जनतेच्या पैशातून जात असेल, तर ‘रिव्हर्सला अडसर आहे का, मूठ सुटल्यावर रोटर किती सेकंदांत थांबतो’ हे दोन प्रश्न त्या अनुदानाला जोडणे अवघड नाही.

दुसऱ्या टोकाला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघातात एक हात किंवा एक पाय निकामी झाला तर १ लाख रुपये, मृत्यू किंवा दोन अवयव गेल्यास २ लाख रुपये. ही मदत गरजेचीच आहे. पण ती अपघातानंतर मिळते, खिळी अपघाताआधी काम करते.

विजेवरची यंत्रे आली की वाद संपेल?

बऱ्याच अंशी. विजेच्या मोटरला क्लच लागत नाही. बोट उचलले की प्रवाह तुटतो आणि पाती थांबतात. बटण हलके असते, त्यामुळे हातही दमत नाही. उलटे फिरवायला वेगळा गिअर नको आणि ‘उलटे असताना रोटर बंद’ हे सर्किटमध्येच घालता येते. अडचण आहे ती बॅटरीची. साडेचार तास काळ्या मातीत टिकेल अशी बॅटरी जड आणि महाग होते. तोपर्यंत पट्टा, तार आणि लिव्हर हेच वास्तव आहे.

यंत्र घेताना आणि चालवताना काय पाहावे?

१. दुकानात यंत्र चालू करून पाहावे. पाती जमिनीपासून वर असताना लिव्हर सोडून रोटर किती वेळात थांबतो ते मोजावे. तीन सेकंदांहून जास्त लागत असतील तर विचारणा करावी.

२. रोटर चालू असताना रिव्हर्स पडतो का, हे विक्रेत्याला करून दाखवायला सांगावे. पडत असेल तर यंत्राला अडसर नाही हे समजून घ्यावे.

३. घरात जे कोणी यंत्र चालवणार आहेत, त्यांच्या हाताने लिव्हर दाबून पाहावी. दोन मिनिटांत बोटे दुखली तर साडेचार तासांचा विचार करावा.

४. क्लचची तार दर आठवड्याला तपासावी. ती जास्त ताणलेली असेल तर लिव्हर सोडूनही पट्टा ताठ राहतो आणि रोटर हळूहळू फिरत राहतो. ‘मूठ सोडली की थांबते’ हे फक्त तार नीट असेल तरच खरे.

५. हराळी किंवा वेल पात्यांत गुंतली तर न्यूट्रल पुरेसे नाही. इंजिन बंद करावे, मगच हात घालावा. पेट्रोल यंत्राची स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवली तर आणखी चांगले.

६. मागे घेण्याआधी मागे पाहावे आणि धुऱ्याजवळ शक्यतो रिव्हर्स न घेता मोठा फेरा मारावा. टोकाला दोन मीटर जागा सोडून पेरले तर वळायला सोपे जाते.

७. उपरणे, ओढणी, साडीचा पदर खोचलेला असावा. पायात चप्पल नको, बूट असावेत.

८. लिव्हर कधीही बांधू नये. बांधावीशी वाटत असेल तर ती दुरुस्त करायची वेळ झाली आहे, असे समजावे. लांब लिव्हर आणि मऊ स्प्रिंग बसवणे गावच्या मिस्त्रीलाही जमते. पण लिव्हर सोडल्यावर पट्टा पूर्ण सैल पडतो, हे त्याच्यासमोरच तपासून घ्यावे.

डवऱ्याच्या काळात ही सगळी यंत्रणा एका शब्दात होती. ‘हो’ म्हटले की बैल थांबायचे. बैल माणसाचा आवाज ओळखायचा, घसरलेला पायही ओळखायचा. यंत्राला ते कळत नाही. त्याला कळते ते फक्त लिव्हर दाबली आहे की सुटली आहे एवढेच. म्हणून ती लिव्हर कशी असावी, हा प्रश्न कारखान्यातल्या अभियंत्यावर सोडून चालणार नाही. साडेचार तास ती ज्याच्या हातात राहणार आहे, त्यानेही तो विचारला पाहिजे.